जुन्या गाडीत नवं इंजिन : कुर्ल्याच्या फियाटपासून शिकण्यासारखं बरंच काही



गती, बल, कार्य, ऊर्जा, तरफ, गुणोत्तर ही सगळी प्रकरणं आपण आठवी ते दहावीत वेगवेगळ्या तासांना शिकवतो. मुलं सूत्रं पाठ करतात, उदाहरणंही सोडवतात. पण ही प्रकरणं खऱ्या आयुष्यात एकमेकांत कशी गुंतलेली असतात, हे फारच थोड्या मुलांपर्यंत पोहोचतं. म्हणून आजच्या पाठासाठी ही सगळी प्रकरणं एकाच बोनेटखाली आणणारा विषय घेतला आहे : जुन्या गाडीत नंतरच्या काळातलं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवणं.

हा विषय शाळेत कशाला, असं कुणाला वाटेल. कारण साधं आहे. आपली नववी-दहावीची मुलं मोबाइलवर गाड्यांची ‘मॉडिफिकेशन्स’ रोज बघतात. चार मिनिटांच्या व्हिडिओत जुनं इंजिन निघतं, नवं बसतं आणि गाडी सुसाट सुटते. मधली मेहनत, हिशेब आणि धोका त्यात दिसत नाही. दुसरीकडे मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या कितीतरी जुन्या सोसायट्यांत ताडपत्रीखाली एखादी पद्मिनी अजून उभी असते. ती भंगारात द्यायची, मूळ रूपात दुरुस्त करायची, की नवं इंजिन टाकून पळवायची, हा त्या घरातला खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर शोधायला विज्ञान लागतं, गणित लागतं आणि थोडं नागरिकशास्त्रही लागतं.

आपल्याच उपनगरातलं उदाहरण

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्यात होता. इथेच इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तयार होऊ लागली. तीच पुढे थोड्या बदलांसह ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, गिअर चार आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट बसवता येई आणि ड्रायव्हरशेजारी आणखी दोघं दाटीवाटीने मावत. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी मुंबईने डोळे भरून पाहिली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, तेव्हा अनेकांना घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लोकांना जपानी इंजिनाची चव कळली. कमी आवाज, कमी पेट्रोल, सकाळी पहिल्याच किल्लीला सुरू. पद्मिनीचा आराखडा तोवर तीस वर्षांचा होत आला होता. प्रीमियरने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही नवी गाडी बाजारात आणली. तिची बॉडी फियाट १२४ या इटालियन गाडीची, पण इंजिन आणि गिअरबॉक्स जपानच्या निसानचे! इंजिन ११७१ सीसीचं, ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या थोडी पुढे. ‘एनई’ म्हणजेच निसान इंजिन. गिअरचा दांडाही स्टीअरिंगवरून खाली, दोन सीटच्या मधे आला.

यातली गंमत मुलांना जरूर सांगा. फियाट १२४ इटलीत १९६६ साली आली. निसानच्या ‘ए’ मालिकेतल्या इंजिनांची सुरुवातही १९६६चीच. म्हणजे आपल्याकडे १९८५ मध्ये ‘नवी’ म्हणून मिरवलेली गाडी दोन जुन्या ओळखींचं लग्न होतं. पण कारखान्याने हे लग्न लावताना पत्रिका नीट जुळवली होती, म्हणून ते टिकलं. पत्रिका जुळवणं म्हणजे नेमकं काय, तेच आपण पुढे बघू.

दुसरं उदाहरण महिंद्राच्या जीपचं. मूळ अमेरिकी विलिस जीप पेट्रोलवर चाले. पेट्रोल महागलं तशी आपल्याकडच्या जीपमध्ये डिझेल इंजिनं आली, त्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्रज्ञानावर बनलेलं इंजिनही होतं. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाडा इथे बनणाऱ्या अॅम्बेसेडरमध्ये नव्वदच्या दशकात जपानच्या इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअरांचा गिअरबॉक्स आला. बाहेरून तीच गोलमटोल गाडी, पण चालवताना फरक लगेच कळे.

परदेशातल्या स्पोर्ट्स गाड्या

इंग्लंडमध्ये हा छंद फार जुना आहे. १९६४ साली आलेल्या सनबीम टायगर या छोट्या स्पोर्ट्स गाडीत अमेरिकेच्या फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन कोंबलं होतं. कोंबलं हाच शब्द योग्य! जागा इतकी कमी की मागचा एक स्पार्क प्लग काढायला गाडीच्या आत, पायाजवळच्या पत्र्याला भोक ठेवावं लागलं.

एमजीबी या प्रसिद्ध स्पोर्ट्स गाडीत रोव्हर कंपनीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवण्याची वाट केन कॉस्टेलो या गृहस्थाने आधी दाखवली. १९७३ मध्ये एमजी कंपनीने स्वतःच तशी गाडी काढली. इंजिन ३५२८ सीसीचं, म्हणजे मूळच्या जवळजवळ दुप्पट. मग गाडीचं नाक जड होऊन ती वळणावर हट्टी का झाली नाही? कारण रोव्हरचं इंजिन अॅल्युमिनियमचं होतं आणि मूळचं चार सिलिंडरचं इंजिन बिडाचं. आकार वाढला, पण वजन जवळपास तेवढंच राहिलं. घनतेचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच का बदलतात?

मुलं विचारतात, नुसतं इंजिन बदललं तर? बघा, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. गिअरबॉक्सचा पुढे आलेला दांडा दातेरी असतो आणि तो क्लचप्लेटच्या मधल्या दातेरी भोकात बरोबर बसावा लागतो. दात्यांची संख्या वेगळी असली तर विषय तिथेच संपला. त्या दांड्याचं टोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टमधल्या छोट्या बेअरिंगवर टेकतं, तो व्यासही जुळावा लागतो. शिवाय दोन्ही भाग जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणाची, म्हणजे बेल हाउसिंगची बोल्टची भोकं प्रत्येक कंपनीची वेगळी.

मधे जाड धातूची पट्टी, म्हणजे अॅडॅप्टर प्लेट घालून हे जमवता येतं. पण ती पट्टी लेथवर अचूक बनवावी लागते. दोन्हींचा मध्य एका रेषेत आला नाही, तर दांडा फिरताना डगमगतो आणि क्लच, बेअरिंग सगळं खाऊन टाकतो. म्हणून एकाच गाडीतून आलेलं इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स घेणं शहाणपणाचं. प्रीमियरनेही निसानचं इंजिन निसानच्या गिअरबॉक्ससकटच घेतलं.

जागेचा हिशेब

समजा, कुणी पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायचं ठरवलं. दोन्ही गाड्या कुर्ल्याच्याच, दोन्हींत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. काम सोपं वाटतं. आता एकेक अडचण मोजू.

पहिली अडचण इंजिनाच्या खालच्या भागाची. गॅरेजमध्ये ज्याला ऑइल चेंबर म्हणतात, तो प्रत्येक इंजिनाचा वेगळ्या आकाराचा असतो. तो पुढच्या आडव्या सांगाड्याला किंवा स्टीअरिंगच्या दांड्यांना लागता कामा नये. नुसतं उभ्या गाडीत बघून चालत नाही. खड्ड्यात चाक वरखाली झाल्यावरही अंतर राहिलं पाहिजे. आपल्याकडच्या पावसाळ्यातले खड्डे आठवा, म्हणजे हा मुद्दा वेगळा समजवावा लागणार नाही.

दुसरी अडचण माउंटिंगची. इंजिन रबरी गाद्यांवर टेकवलेलं असतं, त्यासाठी नवे ब्रॅकेट बनवावे लागतात. जीपला खाली स्वतंत्र लोखंडी चासी असते, शिडीसारखी. तिला ब्रॅकेट जोडणं त्यामानाने सोपं. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. त्यातला पत्रा गंजलेला असेल आणि त्यावर वेल्डिंग केलं, तर तो जोड किती दिवस टिकेल? समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसलेल्या मुंबईच्या गाडीत हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

तिसरी अडचण गिअरच्या दांड्याची. पद्मिनीचा दांडा स्टीअरिंगवर, निसानचा खाली मधे. म्हणजे तळाच्या पत्र्याला भोक पाडणं आलं आणि पुढची सलग सीट काढून दोन वेगळ्या सीट बसवणं आलं.

चौथी अडचण प्रोपेलर शाफ्टची. गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत फिरणारा हा लांब दांडा. गिअरबॉक्सची लांबी बदलली की तो कापावा किंवा वाढवावा लागतो आणि पुन्हा यंत्रावर बॅलन्स करावा लागतो. नाहीतर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते.

याशिवाय रेडिएटरची क्षमता, सायलेन्सरच्या पाइपचा मार्ग, क्लचची जोडणी, वायरिंग हे सगळं वेगळंच. म्हणून अनुभवी मिस्त्री सांगतात की इंजिन आत ठेवायला एक दिवस पुरतो, खरी गाडी तयार व्हायला काही महिने लागतात.

गिअरचं गणित

आता फळ्यावर मांडण्यासारखा भाग. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. चाकाचा व्यास ०.६ मीटर धरला तर परीघ सुमारे १.८८ मीटर. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ५३२ वेळा फिरेल. मागच्या धुऱ्यातलं गुणोत्तर ४.३ धरू, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ४.३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. चौथा गिअर सरळ, म्हणजे १:१ असेल तर इंजिन मिनिटाला ५३२ × ४.३ = सुमारे २२८८ फेरे घेईल.

आता पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसवला आणि पाचव्याचं गुणोत्तर ०.८५ असेल, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे २२८८ × ०.८५ = सुमारे १९४५. फेरे कमी, आवाज कमी, मोकळ्या रस्त्यावर पेट्रोलही कमी. पण फुकट काही मिळत नाही. त्याच गिअरमध्ये चढ आला की ओढ कमी पडते आणि खालचा गिअर टाकावा लागतो. तरफेचा नियमच हा : अंतर वाढवलं की बल घटतं.

उलट बाजूही बघा. इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क ८० न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर ३.५ धरू. घर्षण सोडून दिलं तर मागच्या धुऱ्याला ८० × ३.५ × ४.३ = १२०४ न्यूटन-मीटर मिळतात. इंजिन १२० न्यूटन-मीटरचं टाकलं तर तेच १८०६ होतात. धुरा मात्र जुनाच! दीडपट पीळ त्याने किती काळ सोसायचा? मोठं इंजिन टाकल्यावर आधी मागचा दांडा किंवा क्राउन-पिनियन का तुटतात, याचं उत्तर या एका गुणाकारात आहे.

आणि एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट. अशा जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून फिरते. गिअरबॉक्स किंवा धुरा बदलला की काटा खोटं बोलू लागतो. गाडी खरी ६० ने जात असताना काटा ५० दाखवत असेल, तर काटा ६० वर आल्यावर खरा वेग ७२ असतो. वेगमर्यादा पाळतो आहोत असं समजून आपण ती मोडत असतो.

वेग वाढला, पण थांबायचं कसं?

या लेखातलं एकच वाक्य मुलांच्या लक्षात राहणार असेल, तर ते हे असावं : आधी थांबण्याची सोय, मग पळण्याची.

गतिज ऊर्जेचं सूत्र आपण शिकवतो. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. गाडी ९०० किलोची धरा. ताशी ६० ला तिची ऊर्जा होते १,२५,००० ज्यूल. ताशी ८० ला होते सुमारे २,२२,००० ज्यूल. वेग फक्त एकतृतीयांशाने वाढला, ऊर्जा मात्र पावणेदोन पटीहून जास्त झाली. ही सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत बदलावी लागते. पद्मिनीचे चारही ब्रेक ड्रमचे. चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीला ते पुरेसे होते. बंद ड्रममध्ये उष्णता लवकर बाहेर पडत नाही. पुन्हापुन्हा ब्रेक लावले की पकड कमी होत जाते. घाटातून उतरताना हे अनुभवणं कुणालाच परवडणारं नाही.

म्हणून नवं इंजिन म्हटलं की ब्रेक, टायर, पाटे, शॉकअॅब्सॉर्बर आणि स्टीअरिंग यांचा विचार त्याच यादीत, आणि यादीच्या वरच्या भागात आला पाहिजे. जो मिस्त्री आधी ब्रेकबद्दल विचारतो, तो भरवशाचा समजावा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या गोष्टींशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि नोंदणीत तशी नोंद लागते, कारण इंजिनाचा क्रमांक नोंदणीचा भाग असतो. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या त्या अशाच मान्यताप्राप्त किट बसवून आणि नोंद करून. बदल करायलाच बंदी आहे असं नाही. चोरून केलेल्या बदलाला बंदी आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झालाच, तर न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावाही अडकू शकतो.

यात आणखी एक मेख आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, ही अट आहे. अशी गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. पद्मिनी हे नाव १९७४चं. म्हणजे पहिल्या पहिल्या पद्मिनी आता नेमक्या पन्नाशी ओलांडत आहेत. आज हौसेने इंजिन बदललं, तर उद्या मिळू शकणारा हा मान हातचा जाईल.

मग करावं काय?

माझं मत सांगतो. गाडी मूळ स्थितीत असेल, तिचं इंजिन बोअर करून, नवे पिस्टन-रिंग घालून सुधारण्यासारखं असेल, तर मूळ इंजिनच जपावं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकानं आहेत, पद्मिनीचं काम येणारे जुने मिस्त्री अजून हयात आहेत. त्यांच्या हातातली विद्या त्यांच्याबरोबरच जाणार आहे, हे लक्षात घेऊन ती गाडी आणि ती विद्या दोन्ही वापरून घ्यावी.

मूळ इंजिन आधीच गायब असेल, ब्लॉक फुटलेला असेल, तर बदल जरूर करावा. पण तीन पथ्यं पाळावी. आरटीओकडे आधी विचारणा करावी. मूळ ताकदीच्या फार पुढे जाऊ नये. आणि शक्यतो पत्रा न कापता, पुन्हा मूळ रूप देता येईल असं काम करावं. काढलेला प्रत्येक भाग नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

वर्गात आणि घरी करण्यासारखे उपक्रम

१. सायकल उलटी ठेवा. पेडलच्या आणि मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांचे दात मोजा. भागाकार करून पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरेल ते आधी लिहा, मग मोजून ताळा करा.

२. फूटपट्टी पेन्सिलीवर तोलून धरा. एका टोकाला एक आणि मग दोन खोडरबर ठेवा. तोल परत साधायला पेन्सिल किती सरकवावी लागते? जड इंजिन पुढे टाकल्यावर गाडीचं तेच होतं.

३. जवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना शाळेत बोलवा. त्यांना एकच विनंती करा : एखादा उघडलेला गिअरबॉक्स घेऊन या. मुलांनी प्रश्न विचारावेत आणि आपण शिक्षकांनी मागच्या बाकावर बसून ऐकावं.

४. ‘आजोबांची पद्मिनी : मूळ की बदललेली?’ या विषयावर वादविवाद घ्या. एका गटाने सुरक्षितता, दुसऱ्याने कायदा, तिसऱ्याने आठवण आणि चौथ्याने खर्च सांभाळावा. निकाल देऊ नका. मुद्दे फळ्यावर लिहून ठेवा.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी उद्या बाइकचा सायलेन्सर बदलायचा किंवा इंजिन ‘बोअर-अप’ करायचा हट्ट धरेल, तेव्हा नुसतं ‘नाही’ म्हणू नका. शेजारी बसा, कागद घ्या आणि विचारा : ताकद किती वाढेल, ब्रेक तेवढे पुरतील का, नोंदणी पुस्तकात काय लिहिलं आहे? ज्या मुलाला हे तीन हिशेब स्वतः मांडता येतात, तो सहसा वेडं धाडस करत नाही. आणि त्यातलाच एखादा पुढे खरोखर चांगला इंजिनिअर किंवा चांगला मिस्त्री होतो. आपल्याला दोन्हींची सारखीच गरज आहे.